पावती कोणाच्या नावावर?

डिचोली, गुरुवार रात्र

प्रिय वसंता,

तुझं पत्र पोचलं. 'जामिनाचे पैसे कोर्टच ठेवून घेतं का रे?' असं विचारलंयस. नाही बाबा. आरोपी तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर परत मिळतात, पळाला तर जप्त. आमच्या सोप्यावर दोन आठवडे जो आरडाओरडा चाललाय तो मिळतील तेव्हा घ्यायचे कोणी यावर.

नंदू, मामीचा धाकटा, ज्या पात्रांवाकडे, म्हणजे मालकाकडे, ड्रायव्हर होता त्याची केस तू टीव्हीवर बघितलीच असशील. दोघांना जामीन एकाच दिवशी, अटही एकच: पन्नास हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या सहीची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. पात्रांव दुसऱ्या दिवशी दुपारी कोलवाळच्या तुरुंगाबाहेर, समोर कॅमेरे. आमचा पोरगा पुढे 19 दिवस आतच.

कारण जामीनदार मिळेना. काका तयार झाला, तर घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे तुमच्याकडच्या सात-बारावर, अजून आजोबांचंच नाव, खाली अकरा वाटेकरी, त्यातला एक कुवेतला. सुपारीची बाग तेवढी त्याची स्वतःची. पण आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांपासूनचा कायदा, लग्न झालं की मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. काकी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. 'तो पळाला तर बाग कोण देणार, तू?' मला राग आला होता तेव्हा. आता वाटतं, तिचं काय चुकलं?

वकील भला माणूस. त्याने 1978चा मोतीरामचा खटला सांगितला. मध्य प्रदेशातला गवंडी, दहा हजारांचा जामीन, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली. रक्कम अवाजवी नसावी हे कायद्यातच आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम 484. पण पन्नास हजार अवाजवी कोणाला? पात्रांवाला की नंदूला? उलट 2014मध्ये सहाराच्या सुब्रत रॉयना सुटकेसाठी 10,000 कोटी सांगितले होते, निम्मे रोख, निम्म्याची बँक हमी, आणि हॉटेलं विकायची बोलणी तिहारमध्ये बसून चालली होती. मामीची हॉटेलं म्हणजे दोन पाटल्या.

शेवटी जामीनदाराऐवजी रोख भरायची परवानगी मिळाली. पाटल्या गहाण टाकून तीस हजार, भावजींचे बारा, माझे आठ. भरायला भावजी गेले, आधार कार्ड त्यांचं, म्हणून पावतीही त्यांच्या नावावर. आणि पैसे परत मिळणार ते पावतीवरच्या नावाला! मामी म्हणते, स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. भावजी म्हणतात, माझ्यावर विश्वास नाही? झालं, बोलणं बंद.

त्यात परवा पात्रांवाचा मॅनेजर आला, मिठाईचा बॉक्स घेऊन. 'पन्नास हजार आम्ही देतो, पाटल्या सोडवा. फक्त वकील आमचा घ्या.' मामीचे डोळे पाटल्यांवर, ते दिसत होतं. नंदू आतल्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, 'त्या रात्री गाडी मी चालवत नव्हतो. त्यांचा वकील हे कोर्टात सांगेल?' मॅनेजरने चहा अर्धाच ठेवला. मिठाई अजून फडताळात आहे, कोणी हात लावत नाही, मुंग्या सोडून.

पावती सध्या माझ्याकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात, रेशनकार्डाखाली. भावजी रविवारी जेवायला येतायत, मामीलाही बोलावलंय. स्टॅम्प पेपर आणून ठेवलाय, पण काढायचा कधी, हुमणाआधी (माशाच्या कालवणाआधी) की नंतर, ते कळत नाही. तू सावंतवाडीहून सकाळच्या गाडीने ये ना. तू बसलास की भावजी आवाज चढवत नाहीत.

तुझा,
श्रीपाद