आमचं खळं मोजणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या कोळीवाड्यावरचा तुमचा प्रबंध मंजूर झाल्याचं कळलं. अभिनंदन! फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांच्या वतीने लिहिते आहे.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० मध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू आला. मुंबई जवळ आली ते बरंच झालं, पेशंट वेळेत पोचतो. पण मुंबईचा पैसाही पोचतो. बंगले, होमस्टे, किनाऱ्यापर्यंत कुंपणं. आम्हाला घरातून उठवायला कोणी येत नाही. आधी खळं, म्हणजे मासे सुकवायची मोकळी जागा, जातं. जवळा, मांदेली सुकवायला जागा उरली नाही की बाईचा धंदा बसतो, पोरगा पनवेलला खोली बघतो आणि एक दिवस घर विकायला निघतं. तुम्ही घरांची यादी मागितलीत, आम्ही तुम्हाला खळ्यावर नेलं, आणि तुम्ही अभ्यासच तिथून सुरू केलात.

सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, अधिसूचनेत कोळीवाडे, मासे सुकवायच्या जागा, मच्छीमारांच्या सामाईक जागा नकाशावर दाखवायला सांगितल्या आहेत आणि वाढत्या कुटुंबांच्या घरांचा आराखडा राज्याने करायचा आहे, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. सातबाऱ्यावर आमचं खळं म्हणजे नुसती सरकारी पड. मग टेप धरून आम्हीच मोजलं: बोंबील वाळत घालायच्या वलांड्या कुठे, पावसाळ्यात होड्या कुठे शाकारतात, दर्यावर जायची वहिवाट कुठून. प्रबंध देण्याआधी तुम्ही तो देवळात बसून मराठीतून वाचून दाखवलात. स्मशानाची वाट राहिली म्हणून म्हातारे कावले, तर तिथल्या तिथे नकाशात काढलीत.

पण सगळ्यात जास्त आभार तुम्ही जे छापलं नाहीत त्याचे. कुठल्या सातबाऱ्यावर किती वारस, त्यातले मुंबईला कोण, हे सगळं तुमच्या वहीत होतं. एजंटाला नेमकं तेच हवं असतं. लांबच्या चुलतभावाचा हिस्सा स्वस्तात घ्यायचा आणि इथल्यांना वाटपाच्या दाव्यात अडकवायचं. बायका नको म्हणाल्या, तुम्ही ते कोष्टकच काढून टाकलंत. तुमच्या सरांना ते रुचलं नव्हतं म्हणे.

नकाशाची मूळ प्रत मच्छीमार सोसायटीच्या कपाटात आहे. मध्यंतरी वहिवाटीवर कुंपण घालायला माणसं आली, तेव्हा पोरांनी तीच तलाठ्यांपुढे पसरली. काम तूर्त थांबलंय. कायमचं थांबलं असं म्हणवत नाही. नकाशा म्हणजे काही सनद नव्हे.

आता घरांच्या आराखड्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडतोय. तुमचे विद्यार्थी मापं घ्यायला येऊ म्हणतात, जरूर पाठवा. फक्त १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत पाठवा. तेव्हा आम्हालाही सवड असते आणि पुरुष मंडळी घरात सापडतात.

तुमची,
कोळीवाड्यातली एक मासेविक्रेती