फॉर्म भरण्याआधी, अनूला

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि बाबा जेवलेच नाहीत. म्हणून लिहायला बसले. दम्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. फक्त एमएस्सीबद्दल बोलू.

तुला खगोलशास्त्र हवंय, दुर्बिणीवर रात्री जागायच्यात. मी खगोलभौतिकीचा, म्हणजे ताऱ्यांमागच्या भौतिकीचा, धोशा लावला, पाया पक्का होईल, नोकरीला बरं पडेल म्हणून. ते खरंच आहे. पण मनात वेगळंच होतं. लडाखमधल्या हान्लेच्या दुर्बिणीचा फोटो पाहिला होता. साडेचार हजार मीटर उंची, विरळ हवा, उणे तापमान. आणि तुझ्या पर्समधला तो पंप. बघ, आलाच विषय.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हान्लेची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होस्कोटेहून उपग्रहामार्फत चालवतात, निरीक्षक तिथल्या खोलीत बसतो. त्या रात्री मला शांत झोप लागली.

त्यांनी आणखी एक सांगितलं. हार्वर्डमध्ये ॲनी जंप कॅनन आणि इतर बायकांनी वर्षानुवर्षं ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे वेगळे केलेले रंग, तपासून त्यांची वर्गवारी केली. आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं, म्हणजे तापलेल्या अणूंतून इलेक्ट्रॉन किती सुटतात याचं, समीकरण मांडलं. सेसिलिया पेननी ते त्या वर्णपटांना लावलं आणि १९२५ मध्ये दाखवून दिलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. आता यात खगोलशास्त्र कुठे संपलं आणि भौतिकी कुठे सुरू झाली, सांग बरं! तेव्हा पदवीच्या नावावरून भांडण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रम उघडून बघ. पुंजयांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकी नीट शिकवतात का, निरीक्षणांची प्रयोगशाळा आहे का, प्रोग्रॅमिंग किती आहे, शिकवणारे स्वतः कशावर संशोधन करतात. पुढे पीएचडीसाठी जेस्ट ही प्रवेश परीक्षा दिलीस तर तिथे भौतिकीच विचारणार. पेपर आत्तापासून सोडवायला घे, रोज सकाळी, जागरणं न करता...

झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस गं, वर्गात उभं राहून राहून सवयच लागलीये.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचं विज्ञानदिनाचं प्रदर्शन आठवतं? ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेनाखाली उभं राहून तू विचारलंस, जाळीच आहे तर आकाशातलं सगळं गळून नाही का जात? तिथल्या दादाने गुडघ्यावर बसून समजावलं, रेडिओ लहरी लांब असतात, भोकं त्यांच्यापुढे बारीक, वारा मात्र आरपार जातो. घरी येऊन तू पिठाची चाळण रेडिओसमोर धरून बसलीस. आजी ओरडली, पण तू हलली नाहीस. त्याच रात्री गर्दीतल्या धुळीने तुझी छाती भरली. मी वाफ देत होते आणि तू धापा टाकत चाळणीची भोकं मोजत होतीस. मला तेव्हा रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. अजूनही तसंच होतं.

तुला हवं ते भर. फी मी आणि बाबा बघतो, दादाला विचारायची गरज नाही. बाबांना फोन मात्र कर, ते आपणहून करणार नाहीत.

आणि पुण्यातल्या डॉक्टरांकडून एकदा फुप्फुसांची तपासणी करून घे. उंचावर गेलीस तर कोणती औषधं, किती, ते त्यांच्याकडून लिहून घे आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई