सकाळची घंटागाडी आदल्या रात्री पाठवा

प्रति,
मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर

साहेब, सविनय नमस्कार.

मी आचारी आहे. गेली २२ वर्षं कोल्हापुरातल्या कार्यालयांत लग्न, बारसं, वास्तुशांतीचा स्वयंपाक करतोय. पाचशे पानांची ऑर्डर आली की आम्ही साडेपाचशेचा शिधा काढतो. पंगतीत कमी पडलं तर यजमानाचं नाक कापलं जातं, आणि पुढे त्या भावकीतलं एकही कार्य आमच्याकडे येत नाही. त्यातच मुहूर्त लांबला, पाऊस आला किंवा त्याच तिथीला गावात आणखी चार लग्नं निघाली, की पाचशेतली साडेतीनशेच माणसं जेवून जातात. अन्न उरतं ते कुणाला माज आलाय म्हणून नव्हे. थोडं उरावं याच हिशेबाने ते शिजवलेलं असतं. म्हणून 'अन्न वाया घालवू नका' असे फलक लावा, हे सांगायला मी पत्र लिहीत नाही.

आमच्या धंद्यात तीन शब्द आम्ही कधी मिसळत नाही. पानात राहिलं ते उष्टं. पातेल्यात राहिलं, ज्याला वाढप्याच्या डावाखेरीज कशाचा स्पर्श नाही, ते उरलेलं. आणि त्या उरलेल्याकडे वेळेत कुणी बघितलं नाही, की ते शिळं. दुपारी तीनला जे उरलेलं असतं तेच संध्याकाळी शिळं होतं. महापालिकेची गाडी कार्यालयाच्या दारात येते ती ते शिळं झाल्यावर. माझं सगळं म्हणणं या मधल्या काही तासांबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका रिसेप्शनला ८० माणसांना पुरेल एवढा मसालेभात उरला. चपात्या होत्या, बुंदीचं अर्धं पातेलं होतं. सकाळी दुसरी पार्टी यायची होती, त्यामुळे रात्री अकराच्या आत भांडी हलवा, असं कार्यालयवाल्याने बजावलं. चपात्या लाटणाऱ्या मावशींपैकी एकीने हळूच विचारलं, "दादा, थोड्या घरी नेऊ?" मी म्हटलं, न्या, सगळ्याजणी न्या. राहिलेलं टेम्पोत घालून एका रुग्णालयात गेलो. रुग्णांचे नातेवाईक तिथे व्हरांड्यात चादरी अंथरून पडलेले असतात. दारावरच्या माणसाने अडवलं. "वरून लेखी आणा." मला त्याचा राग आला नाही. कुणाला उलटी झाली असती तर त्याचीच नोकरी गेली असती. अन्न वाटणाऱ्या एका मंडळाच्या पोरांना फोन लावला. पोरं यायला तयार होती, पण रात्री साडेअकराला गाडी कुणाकडे नव्हती. शेवटी बसस्थानकावर वीस-पंचवीस जणांना वाढलं. बाकीचा भात सकाळी आंबला होता. माझ्या हाताने तो घंटागाडीत ओतला, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कुणी म्हणेल, गोठ्यावर द्यायचा होता. म्हैसवाल्याला विचारा. शिजवलेला भात जनावराच्या पोटात जास्त गेला की पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावू शकतं. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात शिळं अन्न खाऊन अनेक गाई दगावल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. माणसासाठी शिजवलेलं माणसाच्याच पोटात गेलं पाहिजे.

साहेब, आपल्या शहराचा कचरा कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर जातो. त्याच बावड्यात साखर कारखाना आहे. तुळशीचं लग्न झालं की आमचे मुहूर्त सुरू होतात, आणि त्याच सुमाराला बीडकडची ऊसतोड कुटुंबं जिल्ह्यात उतरतात. लग्नसराई आणि ऊसतोडीचा हंगाम जवळपास एकाच वेळी चालतो. पहाटे अंधारात फडावर गेलेली बाई रात्री खोपीत परत येऊन चूल पेटवते, तेव्हा तिची पोरं कधी कधी झोपून गेलेली असतात. आणि आमचा भात कचरा होऊन त्याच बावड्याच्या रस्त्याने जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. लग्नाच्या मसालेभाताने कुपोषण हटत नाही, हे मला कळतं. त्याला रोजचं, धड अन्न लागतं. पण त्या एका रात्री पोर उपाशी झोपत नाही, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

अडचण भीतीची आहे, आणि ती खोटी नाही. भातात असे जिवाणू असतात की शिजवूनही त्यांचे बीजाणू मरत नाहीत. भात उघड्यावर कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून अन्न ६० अंशांच्या वर गरम तरी राहिलं पाहिजे, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. बासुंदी, मठ्ठा, कोशिंबीर, नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा मी कुणालाही वाटू देणार नाही, कितीही उरला तरी. चपाती, पुरी, बुंदी, जिलेबी निर्धास्त. भात, आमटी, सुकी भाजी चुलीवरून थेट बंद हॉटबॉक्समध्ये गेली तरच. बुफेच्या टेबलावर तीन तास उघडी राहिलेली भाजी मोजायचीच नाही. हे कुठल्याही जुन्या आचाऱ्याला बोटांवर कळतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

नियमही आहेत. उरलेल्या अन्नाचं संकलन आणि वाटप कसं करायचं याचे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम २०१९ मध्ये निघाले आणि २०२० च्या जुलैपासून लागू झाले. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, डब्यावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहायचं, कुणी काय दिलं आणि ते कुठे वाटलं याची वही ठेवायची. अवघड त्यात काही नाही. पण माझ्या ओळखीच्या एकाही कार्यालयवाल्याला हे नियम ठाऊक नाहीत.

म्हणून मागणी एवढीच. लग्नतिथींना महापालिकेची एक झाकबंद गाडी, हॉटबॉक्ससह, दुपारी तीनला आणि रात्री साडेदहाला फिरू द्या. कार्यालयांशी आपला संबंध आहेच, कचरा उचलायला गाडी जातेच. तीच फेरी काही तास आधी, वेगळ्या भांड्यांसह. एकच फोन नंबर द्या आणि तो प्रत्येक कार्यालयाच्या स्वयंपाकघरात, चुलीसमोरच्या भिंतीवर लावायला सांगा. दर्शनी भागात लावून उपयोग नाही, आचारी तिकडे जात नाही. पदार्थ कधी शिजला ही वेळ आचाऱ्याने चिठ्ठीवर लिहून सही करायची. मी पहिली सही करीन. वाटायला पेठापेठांतल्या तालमींची पोरं आहेत, त्यांना अन्न व औषध प्रशासनाकडून अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. आणि जिथे अन्न न्यायचं, ती बेघर निवारा केंद्रं, रुग्णालयांचे व्हरांडे, बावड्याकडच्या खोपी, तिथल्या जबाबदार माणसाशी आपल्या कार्यालयाने आधीच लेखी बोलून ठेवावं, म्हणजे दारावरचा माणूस अडवणार नाही.

हे जमणार नाही, असं मी मानत नाही. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमची चूल एका शाळेत लागली होती. कुठल्या निवाऱ्यात किती पानं लागतील याचा आकडा रोज संध्याकाळी मिळायचा आणि गाडी वेळेवर यायची. सात दिवसांत आमच्या चुलीवरचं एक घमेलंसुद्धा वाया गेलं नाही.

तुळशीच्या लग्नाआधी एकदा बैठक बोलवा. कार्यालयवाले, आचारी, तालमी, अन्न व औषध प्रशासन, सगळ्यांना एकत्र बसवा. माझे दोन हॉटबॉक्स आणि टेम्पो पहिल्या हंगामासाठी मी देतो. दुपारी चारनंतरची कुठलीही वेळ चालेल, तोवर पंगती उठलेल्या असतात.

आपला नम्र,
मंगळवार पेठेतला एक आचारी