वारा वर जाऊन मोज

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या उंच इमारतीच्या बाहेरच्या कामाची जबाबदारी तुझ्यावर आली, फार आनंद झाला. पण ‘खाली फारसा वारा नसतो, त्यामुळे चिंता नाही’ हे वाचलं आणि राहवेना, लगेच लिहायला बसलो.

अरे, खालच्या वाऱ्यावर विसंबू नकोस. जमिनीजवळ झाडं, भिंती, घरं वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा सुटतो. हवामान खात्याचा आकडासुद्धा साधारण 10 मीटर उंचीवरचा आणि काही मिनिटांची सरासरी असतो. तुझी माणसं त्याच्या कितीतरी वर आहेत, आणि तोल जातो तो अचानक आलेल्या झोताने. इमारतीच्या कोपऱ्यावरून वळताना तर वारा आणखी जोर धरतो. वारा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते घे आणि काम चाललंय त्याच मजल्यावर, कोपऱ्याशी उभं राहून मोज.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आठ बाय चार फुटांचं प्लायवूड ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यासमोर सपाट आलं, तर धरणाऱ्याला 20 किलोच्या आसपास रेटा बसतो. ताशी 72 ला तो 80 च्या घरात जातो! कुणाच्या हातात राहील ते? म्हणून पत्रे, फळ्या, काचा उचलायचं काम सगळ्यांत आधी थांबव. परांचीचंही तसंच. धूळ उडते म्हणून कुणी मागाहून ताडपत्री बांधली, तर ती शिडासारखी वारा धरते आणि सगळा ताण परांचीला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या बांधणीवर येतो. परांची किती भार पेलेल याचा हिशेब ज्याने केलाय त्याला विचारल्याशिवाय ताडपत्री चढू देऊ नकोस.

बूम लिफ्टवरची, म्हणजे माणसांना लांब हातावर वर उचलणाऱ्या यंत्रावरची, पाटी स्वतः वाच. बाहेर चालणाऱ्या बऱ्याच लिफ्टना सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर ही मर्यादा असते. काही लिफ्ट तर फक्त इमारतीच्या आत वापरायच्या असतात.

थांबायचा आकडा सकाळी, वारा शांत असतानाच ठरव आणि सगळ्यांना सांग. ‘एवढा एक पत्रा लावतो आणि उतरतो’ असं म्हणणारा भेटतोच, त्याच्याशी ऐन वाऱ्यात वाद घालायची वेळ येऊ नये. आणि थांबा म्हणायचा हक्क अगदी नव्या पोरालाही दे.

विजेचं तर तुला माहीत आहेच: चमकल्यापासून 30 मोजायच्या आत गडगडाट आला की आसरा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कुणी वर चढायचं नाही. पण तुमच्या उंचीवरून उतरायलाच वेळ लागतो, तेव्हा 30 ची वाट न बघता ढग दाटले की उतरवायला लाग. वादळ गेल्यावर परांची तपासून घेतल्याशिवाय पुन्हा चढवू नकोस.

‘हार्नेस आहे ना’ असंही लिहिलंयस. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेला सुरक्षेचा पट्टा, पडणाऱ्या माणसाला जमिनीपर्यंत जाऊ देत नाही, हे खरं. पण वाऱ्यात लटकलेला माणूस भिंतीवर आपटतो, आणि फार वेळ तसाच लटकत राहिला तर जिवावर बेततं. त्याला ताबडतोब खाली कोण आणणार, कशाने आणणार, याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. ते मला उलट टपाली कळव.

तुझा,
विलास