डबल बेल देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र दुरेघी वहीत लिहितोय. कंपवातात अक्षर मुंगीएवढं होत जातं, पण दोन रेघांच्या मध्ये लिहिलं की जरा आकारात राहतं, ही युक्ती तुमचीच. नातू मोबाईलवर उतरवून देणार आहे, म्हणजे चार लोकांनाही वाचता येईल.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, हे तुम्ही फिजिओथेरपीसाठी आलात त्या पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं. सांगितलं कसलं, तुम्ही विचारलंत. त्याआधी पाहुणेमंडळींचा एकच धोशा होता, "आता बसून राहा, पडाल." राहिलो बसून. सहा महिन्यांत पाठीला बाक आला आणि खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागू लागली.

कुंभार्ली घाटात गाडी वळणावर कललेली असताना, कशालाही न धरता तिकिटं फाडणारा माणूस मी. आणि घरात न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय फरशीला चिकटायचे. मागून बायको म्हणायची, "अहो, चला ना." तसं म्हटलं की आणखीच चिकटायचे. जिना मात्र मी सरसर चढायचो, त्यामुळे लोकांना वाटायचं, म्हातारा नखरे करतोय. खोटं कशाला बोलू, मलाही कधी कधी तसंच वाटायचं.

तुम्ही विचारलंत, "काका, घाटात दरड कोसळली की काय करायचात?" म्हटलं, गाडी दुसऱ्या रस्त्यानं काढायची. "मग इथंही तेच." मेंदूत डोपामाइन कमी पडलं की चाल आपोआप सुरू व्हायचा रस्ता बंद होतो, पण डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानाला ठेका मिळाला तर पाय दुसऱ्या वाटेनं हलतात. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे तशी रेघच. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मग उंबऱ्याच्या अलीकडे पावलापावलावर पिवळ्या चिकटपट्ट्या लावून घेतल्यात, आणि मी अडकलो तशा मागून ओरडलात, "डबल बेल!"

पाय सुटला, ताई.

तुमची ती मोबाईलवरची टिकटिक मात्र मला मानवली नाही. आम्ही कंडक्टर लोक तिकिटाला भोक पाडायचा पंच वाजवत गाडीतून फिरायचो, तो आवाज वेगळा. पंच तर निवृत्तीच्या वेळी डेपोत जमा केलेला. शेवटी बायकोनं अडकित्ता काढला. सुपारी तिनं कधीच सोडली, अडकित्ता सोडला नव्हता. आता रोज सकाळी गोळीचा अंमल चढला की मी अंगणात चालतो आणि ती ओट्यावर बसून अडकित्ता वाजवते. वळताना जागच्या जागी गिरकी नाही, स्टँडात गाडी वळवतात तसा मोठा फेरा. हातात कप नाही, चालताना गप्पा नाहीत. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळी-अंड्यांतलं प्रथिन तिच्या आड येतं.

गोळी उतरायच्या वेळेला अडकित्ता कितीही वाजवा, गाडी हलत नाही. जुलैत एकदा पडलोही. फोनवर तुम्ही रागावला नाहीत, "वजन कुठल्या पायावर होतं?" एवढंच विचारलंत. दुसऱ्या दिवशी रविवार असून घरी आलात, न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतलीत आणि पैशाचं विचारलं तर पोह्यांवर भागवलंत. ते मला पटलेलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं पाटणला बारशाला गेलो, एसटीनं. पास कपाटातच राहिला. माझं ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं, तिचं महिला म्हणून अर्धं, दोघांत मिळून एक पूर्ण तिकीट झालं. गाडीची पायरी बरोबर चढलो, पण वर पोचल्यावर दाराशीच पाय थबकले. मागे रांग. अडकित्ता पिशवीच्या तळाशी. बायकोला काही सुचेना, ती जोरात ओरडली, "डबल बेल!"

मी सुटलो. ड्रायव्हरनंही गिअर टाकला. खाली राहिलेली चार माणसं गाडी ठोकत पळायला लागली आणि त्या पोरसवदा कंडक्टरला घाईनं एक बेल द्यावी लागली.

तुमचे,
कराडचे काका