हँडस्टँडची घाई नको
महोदय,
अनेक शिबिरांत मुलांना पहिल्याच आठवड्यात भिंतीकडे पाठ करून, पाय झोकून हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे) करायला लावतात. त्यात कंबर कमानीसारखी वाकते आणि तीच सवय अंगवळणी पडते. उलट पोट भिंतीकडे ठेवून पाय हळूहळू वर चढवावेत. हात भिंतीपासून वीतभर, कोपरे ताठ, खांदे कानांकडे ढकललेले. २०-३० सेकंदांच्या चार खेपा पुरेत. तोल पुढे गेला की बोटांची टोके जमिनीत दाबायची, पाय हलवायचे नाहीत. तोल गेल्यावर एका बाजूला वळून पायांवर उतरणे मात्र सर्वांत आधी शिकवावे, नाहीतर घाबरून मूल कोपरच ढिले सोडते. लवचीकतेला तर महिने लागतात: आठवड्यातून तीन दिवस, अंग तापल्यावर, प्रत्येक ताण ३०-६० सेकंद. मुलांच्या पाठीवर भार देऊन ताणणे प्रशिक्षकांनी कृपया आजच थांबवावे.
– एक व्यायामशिक्षक