चढाच्या फरसबंदीत सिमेंट ओतू नका

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या शहरांतल्या दगडी गल्ल्यांच्या सुशोभीकरणाची कामे आपल्या खात्यातून मंजूर होतात. दिव्यांचे खांब, बाक, कमानी यांबद्दल माझी तक्रार नाही. (कमानी थोड्या कमी केल्या तरी चालेल.) मागणी एकच आहे: चढावरच्या फरसबंदीच्या दरजांत, म्हणजे दोन दगडांमधल्या फटींत, सिमेंट भरू नये.

अशी गल्ली एकदा पायी चढून पाहा, तीही पाऊस पडून गेल्यावर. नीट रचलेल्या चढावर दगडांच्या रांगा वाटेला आडव्या असतात आणि चढ जितका खडा तितके दगड अरुंद. पाऊल दगडावर पडते, पण त्याला आधार मिळतो तो दोन दगडांमधल्या खाचेत. घोड्याबैलांच्या खुरांसाठी केलेली ही सोय माणसालाही तितकीच कामाची. या खाचा सिमेंटने दगडांच्या पातळीत भरल्या की उरते ती नुसती घसरगुंडी.

पाण्याचेही तसेच. वाळूवर बसवलेल्या दगडांच्या दरजांतून काही पाणी जमिनीत मुरते. सिमेंटने सगळे बंद झाले की ते सारे उतारावरून खालच्या घरांच्या उंबऱ्यांकडे धावते. शिवाय सिमेंट ताठ असते, वाळू थोडी हलू देते. वजनाने आणि उन्हाने दरजा तडकतात, पाणी आत शिरून खालचा थर वाहून नेते. पुढे नळासाठी खोदाई निघतेच. वाळूतले दगड पहारीने उचलून तेच पुन्हा बसवता येतात. सिमेंटमधले फुटतात आणि त्या जागी डांबराचे ठिगळ येते.

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात चाकांच्या चाकोऱ्या पडलेले दगडी रस्ते आजही पाहता येतात. रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड ठेवलेत, त्यांच्यामधून गाडीची चाके जातील एवढे अंतर राखून. पायी चालणाऱ्याचा विचार तेव्हाच्या बांधकामात होता. आपल्या अंदाजपत्रकांत तो मला अजून सापडलेला नाही.

खरी अडचण आहे ती चाकाच्या खुर्चीची, काठीची, बाबागाडीची. गोट्यांच्या रस्त्यावर त्यांचे हाल होतात. वारशाच्या नावाखाली हे झाकणारे लोक मला पटत नाहीत. पण त्यावर काँक्रीट हा उपाय नव्हे. गाड्यांची चाके सुरळीत जावीत म्हणून कित्येक जुन्या रस्त्यांत रुंद सपाट दगडांचे पट्टे घालत असत. तसा एक पट्टा गल्लीच्या एका कडेने घालावा, भिंतीला कठडा बसवावा. चढ फारच खडा असेल तर खुर्चीसाठी दुसरी वाट द्यावी लागेल, हेही मान्य करू. झिजून गुळगुळीत झालेले दगड फेकायचे कारण नाही. जात्याला लावतात तशी त्यांना टाकी लावली की पुन्हा खडबडीत होतात. हे काम पाथरवटाचे. निविदेत मात्र पाथरवट हा शब्दही नसतो, असतात ते ‘पेव्हर ब्लॉक’.

रोममध्ये जड वाहतुकीच्या काही रस्त्यांवरचे दगड काढून ते पायी चालण्याच्या रस्त्यांवर वापरायची योजना पालिकेने आखली. बसगाड्यांच्या रस्त्यावरून दगड काढायला माझीही हरकत नाही. पण जिथे माणसेच चढतात तिथून ते का काढायचे?

तेव्हा पुढच्या निविदेत दरजांसाठी वाळू किंवा बारीक खडी अशी अट घालावी. आणि काम सुरू होण्यापूर्वी निघणारे दगड मोजून त्याची नोंद गल्लीच्या तोंडाशी फलकावर लावावी. काम संपल्यावर किती परत बसले, तेही त्याच फलकावर लिहावे.

आपला,
एक पायी चालणारा नागरिक